कासमभाई गार्ड आणि अर्धा फणस

कर्जतच्या पेठेतून एका जिवंत माणसाची अंत्ययात्रा निघाली होती, भर सकाळी, आणि तीसुद्धा चारशे वर्षांपूर्वीच्या इटालियन चालीवर, असं मी सांगायला लागलो की माझी सून मुकाट्याने चहाचं आधण वाढवते. तिला ठाऊक असतं, हे आता लवकर आटपायचं नाही. पाहुणा नवा असला तर तो माझ्याकडे जरा काळजीने बघतो. पण मी खोटं बोलत नाही. थोडं वाढवतो, एवढंच. भाताला पाणी थोडं जास्त ठेवतात तसं. दाण्याला फुलायला जागा नको का?

त्या यात्रेचे कर्तेकरविते म्हणजे आमचे कासमभाई गार्ड. रेल्वेतून निवृत्त झालेले, दहिवलीला राहणारे. उंची अशी, की उल्हास नदीला पूर आला की लोक म्हणायचे, आधी कासमभाईंना मध्ये उभं करा, पाणी त्यांच्या खिशाला लागलं तर पलीकडे जायचं नाही. पांढरी कातरलेली दाढी, पितळी बटणांचा पांढरा कोट, आणि काखेत दोन झेंड्या, एक लाल, एक हिरवी. नोकरी संपली तरी हे सामान त्यांनी खाली ठेवलं नाही. भाजी घ्यायला जातानासुद्धा झेंड्या बरोबर. भाजीवालीने भाव चढा सांगितला की लाल झेंडी बाहेर यायची. ती मागे घ्यायचं म्हणजे भाव उतरायलाच हवा.

मी तेव्हा पेठेतल्या वाचनालयाचा ग्रंथपाल होतो. ग्रंथपाल म्हणजे कुलूप उघडणारा, झाडू मारणारा, वर्तमानपत्रावरून भांडणाऱ्या दोन म्हाताऱ्यांना पानं वाटून देणारा, आणि उरलेल्या वेळात पुस्तकं देणारा. वाचनालयाला तीन खोल्या. पहिलीत वर्तमानपत्रं, दुसरीत पुस्तकं, आणि तिसरीत, म्हणजे मागच्या खोलीत, तांदूळ. हो, तांदूळ. आमचे अध्यक्ष भाऊसाहेब यांची भातगिरणी होती, आणि गिरणीत मावेनाशी झालेली पोती ते वाचनालयात ठेवायचे. भिंतीवर ठळक अक्षरांत ‘शांतता राखा’ लिहिलेलं होतं आणि त्या पाटीचं सगळ्यात चोख पालन ती पोतीच करायची.

भाऊसाहेबांचा आणखी एक नियम होता. मुलांना आत प्रवेश नाही. मुलं आली की कालवा करतात, पानांना बोटं लागतात. त्यामुळे मुलं बाहेरून खिडकीच्या गजांना लोंबकळायची. पहिल्यांदा वाचनालयात आले तेव्हा कासमभाईंनी आधी ही लोंबकळणारी रांगच पाहिली.

‘‘मास्तर,’’ ते मला म्हणाले. पुस्तकाला हात लावणारा प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी मास्तरच. ‘‘ही वटवाघळं कोनाची?’’

‘‘गावची. आत घ्यायची नाहीत, असा नियम आहे.’’

‘‘आन आत काय हाय?’’

‘‘मागे पोती आहेत.’’

कासमभाईंनी मागच्या खोलीचं दार ढकलून पाहिलं, पोत्यांकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. ‘‘बरोबर हाय,’’ ते म्हणाले. ‘‘पोती शानी असतात. बोटं लावत नाय.’’ मग काखेतली लाल झेंडी काढून पोत्यांना दाखवली आणि निघून गेले. मला वाटलं, म्हातारा उन्हात फिरला असावा.

पुढच्या रविवारी, वाचनालय बंद असताना, ते पायऱ्यांवर हजर. बरोबर हातगाडी, हातगाडीवर एक लांबट लाकडी पेटी, आणि पेटीत अर्धा फणस.

फणस म्हणजे वाद्य. खरं नाव ल्यूट. पोट सतारीसारखं गोल, पण फाकींचं, अगदी मधोमध चिरलेल्या फणसासारखं. मान मोडल्यासारखी मागे वळलेली. पोरांनी बघताक्षणी त्याला ‘फणस’ म्हटलं आणि कासमभाईंनाही ते नाव जास्त आवडलं. शिवाय लाकडी बासऱ्या, चामड्याचा एक ढोल, आणि एक वाकडा बाजा, छत्रीच्या मुठीसारखा. त्याचं नाव अर्थातच ‘छत्री’. छत्रीतून निघणारा आवाज एखाद्या रेडकाला पडसं झालंय आणि ते आईला हाक मारतंय असा यायचा.

हे सगळं त्यांनी इटलीतून आणलं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी ते रेल्वेच्या पलटणीबरोबर तिकडे गेले होते. तिथे कुठल्याशा डोंगरावरच्या गावात वाद्यं दुरुस्त करणारा एक म्हातारा त्यांना भेटला आणि त्याने चारशे वर्षांपूर्वीचं संगीत शिकवलं. इथवर सगळं ठीक. पण फणस हाती कसा आला, याच्या तीन कथा होत्या. सकाळी विचारलं तर त्यांनी म्हाताऱ्याचं गळकं छप्पर शाकारून दिलं म्हणून मिळाला. दुपारी विचारलं तर पत्त्यांत जिंकला. आणि मुलांनी विचारलं तर निरोपाच्या वेळी म्हातारा रडला, कासमभाई रडले, ‘‘आन बगतो तर काय, पेटीत बसून फनस बी रडतोय. मंग म्हातारा म्हनला, जा, घेऊन जा ह्याला.’’ मी तिसरीवर विश्वास ठेवतो. पहिल्या दोन फारच साध्या आहेत.

त्या रविवारी पायऱ्यांवर पंधरावीस मुलं जमली. कासमभाईंनी कोटाची बटणं लावली.

‘‘पोरांनो, हे गानं कवाचं हाय ठाऊक हाय का? जवा मुंबय म्हनजे सात बेटं आन वर सुकी मच्छी. गाडी नाय, रूळ नाय, गार्ड बी नाय.’’

‘‘मंग लोक काय करायचे?’’ एकाने विचारलं.

‘‘वाट बगायचे.’’

‘‘कोनाची?’’

‘‘गाडीची. चारशे वर्सं वाट बगायची म्हंजे काय गंमत हाय? बसल्या बसल्या गानी केली त्यांनी.’’

मला वाटलं, आता वाजवतील आणि मुलं ऐकतील. पण कासमभाईंच्या कार्यक्रमात ऐकायला म्हणून कोणी बसायचंच नाही. ‘‘माज्या गाडीत तिकीट नाय,’’ ते म्हणाले, ‘‘पन बिनकामाचं कोनी बसायचं नाय.’’ ढोल म्हणजे इंजिन. बासरीवाले पहिला डबा. कंगव्यावर कागद धरून फुंकणारे दुसरा डबा. करवंट्या वाजवणारे तिसरा. ज्यांना काहीच येत नाही ते मालडबा. त्यांनी तोंड मिटून नुसतं ‘हुं’ करायचं. आणि कासमभाई स्वतः सगळ्यांच्या मागे. पुढे उभं राहून हात हलवणं त्यांना मान्यच नव्हतं. ‘‘गार्डाची जागा शेवटच्या डब्यात. पुढनं फकस्त इंजिन दिसतं. मागनं गाडी दिसते.’’ मागून त्यांनी शिट्टी मारली की गाडी सुटायची.

त्या संगीताची खोड अशी की एकाच वेळी चार जण चार वेगळ्या चाली वाजवतात. आपल्याकडे सगळे एकच भजन एकाच सुरात म्हणणार. इथे पहिला डबा सुटला, जरा वेळाने दुसरा सुटला, आणि दुसऱ्या डब्यातला एक पोरगा रडकुंडीला येऊन ओरडला, ‘‘चाचा, ही माझं चुकवते!’’

जिला बोट दाखवलं ती शकू. ताराबाय भाजीवालीची नात. खिडकीला सगळ्यात उंच लोंबकळणारी.

‘‘ती तिचं धरते, तू तुजं धर,’’ कासमभाई मागून म्हणाले. ‘‘तुज्या घरात आज्जी एक बोलते, आय दुसरं बोलते, तरी भाकरी होते का नाय?’’

‘‘होते.’’

‘‘मंग वाजव.’’

वाजवलं. आधी भांडण लागल्यासारखं वाटलं, मग बाजार भरल्यासारखं, आणि मग अचानक सगळे डबे एकाच क्षणी एकाच सुरावर येऊन थांबले. स्टेशन आलं! मुलं स्वतःच दचकली. शकूने मागे वळून विचारलं, ‘‘हे आमी केलं?’’ कासमभाईंनी हिरवी झेंडी हलवली. पलीकडच्या इस्त्रीवाल्याने गरम इस्त्री तशीच धरून ठेवल्यामुळे डॉक्टरांच्या सदऱ्याला कायमचं भोक पडलं. डॉक्टर तो सदरा पुढे मानाने घालायचे, म्हणायचे, पहिल्या कार्यक्रमाची खूण आहे.

मग दर रविवारी गाडी. पळसदरीची पोरं रुळांच्या कडेने चालत यायला लागली. आणि गाणं संपलं की काय व्हायचं? मुलं पुन्हा खिडकीला जाऊन लोंबकळायची. ते बघून कासमभाईंचा चेहरा उतरायचा. ‘‘मास्तर, गाडी रोज यार्डातच थांबते. स्टेशनात कवा घ्यायची?’’ मागची खोली मुलांना मिळावी, तिथे मुलांची पुस्तकं असावीत आणि रविवारी गाणं, हे त्यांच्या डोक्यात तेव्हाच बसलं. माणूस एरवी सगळ्या गोष्टीत हसणारा. पण ह्या एका गोष्टीत हसत नसे.

त्याच सुमारास खालापूरच्या वाचनालयाचं बोलावणं आलं. तिथे अंगणात कार्यक्रम. सगळं उत्तम चाललं होतं. मुलं डुलत होती, बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. कासमभाईंनी छत्री तोंडाला लावली. आता मागच्या तळ्यात म्हशी बसल्या आहेत हे आम्हाला कोण सांगणार? छत्रीने हाक मारली. तळ्यातून एका म्हशीने ओ दिली. छत्रीने पुन्हा हाक मारली. आणि मग कुंपण मोडून म्हशी आल्या. कासमभाई म्हणायचे वीस होत्या, मी म्हणतो पंधरा, खालापूरवाले म्हणतात एकच. पण खालापूरवाल्यांना आपल्या म्हशींची बदनामी नको असते, हे लक्षात घ्या. कोणावर धावल्या नाहीत हो. रेडकू शोधत होत्या बिचाऱ्या. एकीने ढोल हुंगायला मान घातली ती शिंगासकट आरपार गेली. दुसरी फणसाच्या पेटीवर बसली. फणस वाचला, पण पेटीच्या कड्या तुटल्या आणि तळ खिळखिळा झाला. पेटी उचलायची तर खाली दोन बांबू घालून चौघांनी खांद्यावर घ्यायची, असा प्रसंग आला. ढोल तर गेलाच. कासमभाईंनी कुंभाराकडून एक मोठं मडकं आणलं, गळ्याला सुतळी बांधली, एका हाताने लटकवायचं आणि दुसऱ्या हाताने थाप मारायची. थाप्प. फार गोड वाजायचं.

तर बांबू आणि मडकं, दोन्ही लक्षात ठेवा.

म्हशींची बातमी भाऊसाहेबांपर्यंत पोचली तेव्हा त्यांची संख्या पन्नास झाली होती. त्यांनी कासमभाईंना आणि मला घरी बोलावलं. भाऊसाहेब झोपाळ्यावर. बुटके, कोरडे, शब्द तोलून टाकणारे.

‘‘वाचनालय म्हणजे गुरांचा बाजार नव्हे, कासमभाई.’’

‘‘नाय. ती तांदळाची वखार हाय.’’

मी डोळे मिटले. झोपाळा थांबला. 

‘‘खोली पाहिजे तुम्हाला,’’ भाऊसाहेब म्हणाले. ‘‘ठीक आहे. येत्या रविवारी सगळ्या पेठेच्या देखत कार्यक्रम करा. पेठेतून एकही तक्रार आली नाही, तर खोली पोरांची. पण एक जरी तक्रार आली, तर खोली कायमची पोत्यांची, रविवारचं गाणं बंद, आणि पोरांनी वाचनालयाची पायरीसुद्धा चढायची नाही. आहे कबूल?’’

मी कासमभाईंचा कोट ओढत होतो. कर्जतची पेठ! जिथे शेजारच्या दुकानात उदबत्ती जास्त जळली तरी तक्रार होते!

‘‘लाइन क्लिअर,’’ कासमभाई म्हणाले.

त्या आठवड्यात तालीम अशी झाली की मुलं झोपेतसुद्धा ‘हुं’ करत होती म्हणे. कार्यक्रमाचं मुख्य आकर्षण म्हणजे एक नाच, पवान नावाचा. राजेराण्यांचा, अतिशय संथ. जोडीजोडीने चालायचं. एक पाऊल, थांब. एक पाऊल, थांब. मग दोन पावलं, आणि मान खाली घालून वाकायचं. ‘‘हसायचं नाय,’’ कासमभाईंची ताकीद होती. ‘‘राजे हसत नाय. आन कापडं पांढरी, सोच्छ. हातात फुलं. आन कोनीबी मागं वळून बगायचं नाय. इंजिन मागं बगतं का?’’

रविवारी सकाळी सगळं जमलं, आणि वाचनालयासमोर भाऊसाहेबांच्याच पोत्यांनी भरलेला टेंपो चाक निखळून आडवा पडलेला. ड्रायव्हर सामान आणायला शिळफाट्याला गेला होता. अंगणात पाऊल टाकायला जागा नाही. पवानला तर लांबच लांब जागा लागते. मी म्हटलं, संपलं. कासमभाईंनी टेंपोकडे बघितलं, पेठेकडे बघितलं. ‘‘लाइन ब्लॉक. गाडी पेठेतनं काढू. चौकात जाऊन फनस वाजवू.’’ आणि शिट्टी मारली.

आता चित्र बघा. सगळ्यात पुढे शकू, हातात सुतळीने लटकवलेलं मडकं. थाप्प. तिच्या मागे चार पोरं, खांद्यावर दोन बांबू, बांबूंवर लांबट पेटी, आणि धूळ लागू नये म्हणून पेटीवर पांढरी चादर. त्यामागे जोडीजोडीने पांढऱ्या कपड्यांतली मुलं, हातात झेंडूची फुलं, चेहरे गंभीर. एक पाऊल, थांब. आणि अगदी शेवटी पांढऱ्या कोटात सहा फुटी कासमभाई, छत्री वाजवत. छत्रीचा आवाज कसा होता ते मी मघाशी सांगितलंच आहे.

मी वाचनालयाच्या पायरीवर उभा होतो. मला कौतुक वाटत होतं. ज्याला सगळं ठाऊक असतं त्याला काहीच दिसत नाही.

पहिल्या कापडवाल्याने बघितलं आणि उठून दुकानाच्या अर्ध्या फळ्या लावल्या. आमच्या पेठेची ती रीत. प्रेत जात असलं की दुकान अर्धं बंद करायचं, हात जोडून उभं राहायचं. त्याचं बघून भुसारवाल्याने लावल्या. मग भांडीवाल्याने. फळ्यांचा खडखडाट पेठेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पत्त्यांसारखा गेला. सलूनमध्ये अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक साबणासकट बाहेर येऊन उभं राहिलं.

‘‘कोन गेलं रं?’’

‘‘लायब्ररीतनं निघाली. भाऊसाहेब दिसले का तुला चार दिवसांत?’’

‘‘नाय बा. ताप हाय म्हनत व्हते.’’

‘‘मंग तेच.’’

‘‘पन खांद्याला पोरं का?’’

‘‘शेवटची इच्छा असंल. जल्मभर पोरांना आत घेतलं नाय, पस्तावा झाला असंल.’’

‘‘आन येवढीशी तिरडी?’’

‘‘आजारात मानूस वाळतो रं. मुळात व्हते केवढे?’’

‘‘कासमभाय बगा कसे रडत चाललेत!’’

हे शेवटचं माझ्या कानावर आलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी धोतर सावरत पळालो. शेपटापर्यंत पोचलो. ‘‘कासमभाई, थांबवा! लोकांना वाटतंय भाऊसाहेब गेले!’’

कासमभाईंनी छत्री काढली, मान उंच केली, आणि पहिल्यांदाच त्यांना अख्खी पेठ हात जोडून उभी दिसली. त्यांनी झटकन लाल झेंडी उगारली. पण झेंडी बघणार कोण? मागे वळायचं नाही, ही ताकीद त्यांचीच.

‘‘शिट्टी मारा!’’

‘‘शिट्टी मारली तर जोरात सुटतील, मास्तर!’’

एक पाऊल, थांब. थाप्प. आणि मागून आता पेठही निघाली होती. सलूनवाला, त्याचा अर्ध्या दाढीचा साबणवाला, गावचे डॉक्टर. डॉक्टर तर घामाघूम. आदल्या दिवशी भाऊसाहेबांना गोळ्या त्यांनीच दिल्या होत्या.

पवानमध्ये वाकायची जागा ठरलेली असते. सूर तिथे टेकतो. आता योग बघा, सूर टेकला तो बरोबर भाऊसाहेबांच्या दारासमोर. मुलं मान खाली घालून वाकली. मागची पेठ वाकली. मग माणसं हळूहळू ओटीवर चढली. काकू, म्हणजे भाऊसाहेबांच्या पत्नी, मागच्या दारी विहिरीवर होत्या. आत भाऊसाहेब डोक्यावरून टॉवेल घेऊन वाफारा घेत बसलेले. त्यांना दिसत काही नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. हे पुढे त्यांनीच मला सांगितलं.

ओटीवर रिवाजाप्रमाणे मयताबद्दल चार चांगले शब्द सुरू झाले. अडचण अशी की चार शब्द भरेनात.

‘‘मानूस म्हंजे...’’ भुसारवाला म्हणाला, आणि थांबला.

‘‘तांदूळ बाकी एक नंबर,’’ सलूनवाला म्हणाला.

‘‘हां. तांदूळ चांगला.’’

‘‘खडा नसायचा.’’

पुन्हा शांतता. वाचनालयातसुद्धा कधी इतकी शांतता राखली गेली नव्हती. आणि त्या शांततेत ताराबायचा आवाज आला. गेलेल्या माणसाला ती घाबरत नव्हती. जिवंतालाही फारशी घाबरायची नाही.

‘‘वाईट नव्हता गं मेला. पन माजी शकू त्याच्या खिडकीला लोंबकळून वाचाया शिकली. हाताला घट्टे पडले पोरीच्या. आत बसू दिलं असतं तर काय जानार व्हतं त्याचं? आता नेली का पोती संगती?’’

आणि आतून एक शिंक आली.

अशी शिंक मी आयुष्यात पुन्हा ऐकली नाही. दार उघडलं. वाफेच्या ढगातून, डोक्यावर पांढरा टॉवेल घेतलेले, लालबुंद डोळ्यांचे भाऊसाहेब बाहेर आले. पेठेत त्यानंतर जे झालं ते मी वाढवून सांगू शकत नाही, कारण वाढवायला जागाच नाही. साबणवाला समोरच्या शेवग्यावर चढला. शेवग्याचं झाड माणसाचं वजन पेलत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी पेललं. डॉक्टर मात्र धावत जाऊन भाऊसाहेबांच्या गळ्यात पडले आणि आनंदाने रडले. त्यांचाच तेवढा खरा शोक होता.

मुलं अजून जागच्या जागी, हसायचं नाही म्हणून गंभीर.

‘‘कोण गेलं?’’ भाऊसाहेबांनी मडकंवाल्या शकूला विचारलं.

‘‘कोन नाय, भाऊसाहेब. आमी नाचतोय.’’

‘‘हा नाच आहे?’’

‘‘चारशे वर्सांचा हाय. म्हातारा झालाय, म्हनून हळू चालतो.’’

भाऊसाहेबांनी पेटी बघितली, मडकं बघितलं. मग अर्ध्या फळ्या लावलेली पेठ बघितली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळ्या दुकानांचा धंदा बुडाला होता. रविवारचा, भर बाजाराचा. कासमभाई मागून पुढे आले, गार्ड म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच इंजिनापाशी. दोन्ही झेंड्या खाली. इतका उंच माणूस मला त्या वेळी माझ्याएवढा वाटला.

‘‘कासमभाई, आपलं काय ठरलं होतं?’’

‘‘एक तक्रार आली तर खोली गेली.’’

‘‘बरोबर.’’ भाऊसाहेब पेठेकडे वळले. आवाज घोगरा, पण करडा. ‘‘ह्या पोरांबद्दल कोणाची तक्रार आहे? पुढे या आणि सांगा, काय झालं ते.’’

आता सांगणार काय? तक्रार करायची म्हणजे दुकान बंद केलं हे सांगायचं. का बंद केलं? तर तुम्ही गेलात असं वाटलं म्हणून. हे भाऊसाहेबांच्या तोंडावर त्यांच्याच दारात कोण सांगणार? भुसारवाल्याने भांडीवाल्याकडे बघितलं. भांडीवाल्याने आभाळाकडे.

‘‘अरे, फळ्या का लावल्यात मग?’’

‘‘ऊन लागतं हो,’’ कापडवाला म्हणाला.

‘‘फार ऊन,’’ शेवग्यावरून आवाज आला.

‘‘म्हणजे तक्रार नाही?’’

‘‘छे छे!’’ अख्खी पेठ एका सुरात. त्या दिवशीच्या कार्यक्रमातला तेवढाच एक भाग सगळ्यांनी एकत्र म्हटला.

भाऊसाहेबांनी टॉवेल डोक्यावरून काढून खांद्यावर टाकला. ‘‘माझी आहे,’’ ते म्हणाले. ‘‘नाच अर्धवट थांबवलात. तो पुरा करा, आणि जाताना गिरणीवरून हमाल घेऊन चला. पोती हलवायला लागतील.’’

कासमभाईंनी नुसती हिरवी झेंडी वर केली, आणि मग लक्षात आलं की पुढून झेंडी दाखवून उपयोग नाही. तसे लांब ढांगा टाकत मागे पळाले. भाऊसाहेबही त्यांच्याबरोबर. शेवटची जोडी त्या दोघांची, एक सहा फुटी, एक त्याच्या कोपराएवढा. एक पाऊल, थांब. दोन पावलं, वाकायचं. त्यामागे हमाल. आणि मी पैजेवर सांगतो, हमालांनी त्या दिवशी पोती त्याच तालावर हलवली. थाप्प.

मागच्या खोलीत मुलांची पुस्तकं आली. ताराबाय काय बोलली याचा भाऊसाहेबांनी कधी उच्चार केला नाही. फक्त एक दिवस येऊन त्यांनी खिडकीखाली, बाहेरच्या बाजूने, एक दगडी बाक घालून घेतला. मी म्हटलं, आता मुलं आत बसतात की. ते म्हणाले, ‘‘असू दे. एखाद्याला लाज वाटते आत यायची.’’

गाणं आणि वाचन एका खोलीत भांडायला लागले, तेव्हा कासमभाईंनी सुताराकडून लाकडी सिग्नल करून दारावर बसवला. हात आडवा असला की वाचन, आवाज बंद. दोरी ओढून हात पाडला की गाणं. गावातली पोरं ‘शांतता राखा’ वाचायला शिकण्याआधी सिग्नल वाचायला शिकली.

पुढे बरीच वर्षं गेली. मी निवृत्त होऊन मुलाकडे खोपोलीला आलो, साजगावच्या कारखान्यात तो लागला म्हणून. एकदा कामाने कर्जतला गेलो, परतीची एस.टी. वाचनालयाच्या समोरच उभी होती, सुटायला थोडा अवकाश होता. आत गेलो नाही. बाहेरच्या दगडी बाकावर चढून खिडकीतून डोकावलो.

सिग्नल आडवा होता. मुलं वाचत होती. आणि शेवटच्या रांगेत, मुलांच्या ठेंगण्या बाकावर, गुडघे कानापर्यंत आलेले कासमभाई. दाढी आता कापसासारखी. छत्री फुंकायला छातीत दम उरला नव्हता, हे मला कळलं होतं. डोळ्यांजवळ चित्रांचं पुस्तक धरून ओठ हलवत वाचत होते. दोरीपाशी एक चिमुरडी उभी, एका पायावर, त्यांच्याकडे टक लावून. कासमभाईंनी खिशातलं घड्याळ काढलं. बघितलं. पुन्हा खिशात ठेवलं. पान उलटलं. पोरगी दुसऱ्या पायावर. मग पुस्तकातून मान वर न करता त्यांनी काखेतून हिरवी झेंडी नुसती बोटभर बाहेर काढली.

खट्! सिग्नल पडला. थाप्प करून मडकं वाजलं, करवंट्या सुटल्या. आणि ऐकणाऱ्याला पटो न पटो, माझ्या मागे उभी असलेली खोपोलीची एस.टी. त्याच क्षणी सुटली. अगदी वेळेवर. मला न घेता.

मी वळून बघेपर्यंत ती वळणाआड गेली होती. पुन्हा खिडकीकडे तोंड केलं तर गजांतून एक लांब हात बाहेर आला होता. हातात दोन करवंट्या.

‘‘बिनकामाचं कोनी बसायचं नाय, मास्तर.’’